अ‍ॅपवर बंदी, एजंट मोकाट : बार कौन्सिलला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
बार कौन्सिल ऑफ इंडिया, नवी दिल्ली
आणि
बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा, मुंबई

स.न.वि.वि.

मी बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यात सेवा केंद्र चालवतो. सातबारा, आठ-अ, पीकविम्याचे अर्ज, उत्पन्नाचा दाखला, आधारची दुरुस्ती असली आमची कामं. मी वकील नाही आणि कायदा शिकलेलो नाही. पण आमच्याकडे कोर्टाचा कागद घरी आला की माणूस आधी सेवा केंद्रात येतो. "काय लिवलंय ते वाचून सांगा बरं" म्हणतो आणि त्यानंतर वकील शोधायला निघतो. तो शोधायला निघतो तेव्हा त्याच्यापुढे काय काय वाढून ठेवलेलं असतं, ते रोज बघत असल्यामुळे हे पत्र लिहितो आहे.

वकिलीच्या क्षेत्रात आता नवे धंदे आलेत. घरबसल्या वकील मिळवून देणाऱ्या वेबसाइटी आहेत, ठरावीक रकमेत नोटीस काढून देणाऱ्या कंपन्या आहेत, दाव्याचा खर्च उचलून नंतर वाटा घेणारे आहेत, आणि आता कागद तयार करून देणारं एआय आहे. आपल्याकडे या सगळ्यांबद्दल जेव्हा जेव्हा चर्चा होते तेव्हा एकच प्रश्न ऐकू येतो : याने वकिली व्यवसायाची प्रतिष्ठा राहील का? प्रश्न चुकीचा नाही. पण पक्षकाराच्या खिशाचं काय होईल हा प्रश्न कुणी विचारताना दिसत नाही. माझं म्हणणं एवढंच की नियम करताना खुर्ची थोडी पक्षकाराच्या बाजूला सरकवा.

३ जुलै २०२४ ला मद्रास उच्च न्यायालयाने निकाल दिला. ऑनलाइन कंपन्या वकिलांना रेटिंग देऊन, दर लावून विकतात हे गैर आहे, वकिली म्हणजे धंदा नव्हे, असं न्यायालयाने सांगितलं आणि आपल्याला कारवाई करायला सांगितलं. आपण लगेच राज्यांच्या परिषदांना कळवलं. पुढे मार्च २०२५ मध्ये सिनेनट आणि सोशल मीडियावरच्या मंडळींना घेऊन जाहिराती करणाऱ्या वकिलांनाही आपण तंबी दिली. आपल्या आचारनियमांतला नियम ३६ जुनाच आहे : वकिलाने जाहिरात करू नये, काम मागायला जाऊ नये, स्वतः नाही आणि दलालामार्फतही नाही.

यातला 'जाहिरात' हा अर्धा भाग आपण नेटाने राबवता. 'दलाल' या उरलेल्या अर्ध्याचं काय झालं, ते आमच्याकडे येऊन बघा.

आमच्या तालुक्यातून सोलापूर-धुळे महामार्ग जातो. दसरा-दिवाळी झाली की इथले कोयते, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या जोड्या, साखर कारखान्याला निघतात, ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागे रिफ्लेक्टर असेल तर असेल. अपघात होतो. जखमीला जिल्हा रुग्णालयात नेतात, आणि नातेवाईक पोहोचायच्या आत एजंट पोहोचलेला असतो. तो वाईट बोलत नाही हे आधी सांगतो. चहा पाजतो, पोस्टमॉर्टेमच्या कागदासाठी पळापळ करतो, पोलीस ठाण्यातून एफआयआर आणि स्पॉट पंचनाम्याची नक्कल आणून देतो, गाडीचा विमा होता का ते शोधतो. त्या घडीला नवरा गमावलेल्या बाईला या जगात त्याच्याइतकं उपयोगाचं दुसरं कुणी नसतं. तेराव्याच्या आसपास तो बॉण्ड घेऊन घरी येतो.

असा एक बॉण्ड मी हातात धरून वाचला आहे. झेरॉक्स काढायला म्हणून एक ताई आल्या होत्या. शंभराचे बॉण्ड बंद झाल्यापासून पाचशेचा लागतो, तोच होता. वर 'लिहून घेणार' म्हणून एका माणसाचं नाव, तो वकील नाही. खाली 'लिहून देणार' म्हणून ताईंचं नाव. मजकूर असा की मोटार अपघात दाव्यात जी रक्कम मंजूर होईल तिच्यातील तीस टक्के रक्कम खर्च व मेहनतान्यापोटी मी देईन, हा लेख मी राजीखुशीने, कोणताही नशापाणी न करता, कोणाच्याही दबावाला बळी न पडता लिहून दिला असे. अंगठा नव्हता, सही होती. ताई सातवी शिकलेल्या. सोबत सही केलेले दोन कोरे चेक दिलेले, कारण आता भरपाई थेट खात्यात येते. वकिलाचं नाव बॉण्डवर कुठेच नाही. मी विचारलं, वकीलसाहेबांची फी वेगळी का यातच? ताई म्हणाल्या, "ते त्यायलाच म्हाईत, दादा. वकिलाला मी तारखेला एकदाच बघितलं."

आता आपल्या नियमांच्या उजेडात हा कागद बघा. निकालावर अवलंबून फी ठरवायची नाही, दाव्याच्या रकमेत वाटा घ्यायचा नाही, आणि वकील नसलेल्या माणसाशी कमाई वाटून घ्यायची नाही, हे आपण वकिलाला बजावलेलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१७ ला तेलंगणातल्या एका प्रकरणात हेच ठासून सांगितलं. तीही अपघातात नवरा गेलेली बाई, वकिलाने भरपाईच्या टक्केवारीने फी लावलेली, आणखी पैशांसाठी चेक लिहून घेतलेला, तो वटला नाही म्हणून तिच्यावरच कलम १३८ ची केस केलेली. न्यायालयाने ती केस रद्द केली, अशी फी बेकायदा ठरवली आणि वकिलांच्या व्यवसायाच्या नियमनाकडे सरकारने लक्ष द्यावं असंही म्हटलं.

मग आमच्या ताईंचा बॉण्ड बेकायदा का? इथेच मेख आहे. २०१८ मध्ये परदेशी वकिलांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेच नोंदवलं की वकील नसलेल्या तिसऱ्या माणसाने दाव्याला पैसा पुरवून निकालानंतर परत घ्यायला सरसकट मनाई दिसत नाही. आपल्या महाराष्ट्रात तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २५ मध्ये राज्याची दुरुस्ती आहे, दाव्याला पैसा पुरवून त्यात वाटा घेणाऱ्याला न्यायालय पक्षकार करून घेऊ शकतं. म्हणजे 'लिटिगेशन फंडिंग' म्हणून मुंबईच्या परिषदांमध्ये ज्या नव्या मॉडेलवर परिसंवाद होतात, ते आमच्या जिल्हा रुग्णालयाच्या आवारात कधीपासून चालू आहे. फरक इतकाच की तिथे करार इंग्रजीत, दोन्ही बाजूंना वकील. इथे पाचशेचा बॉण्ड आणि एकाच बाजूला अक्कलहुशारी. वकिलाचं नाव कागदावर आलं असतं तर गैरवर्तन झालं असतं, म्हणून ते येत नाही. आपल्या बंदीने टक्केवारी थांबली नाही, टक्केवारी घेणारा फक्त आपल्या हाताबाहेरच्या माणसाच्या नावावर गेला.

दलालांसाठी कायदा आहे, नाही असं नाही. २०२३ च्या दुरुस्तीने अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टमध्ये कलम ४५-अ घातलं गेलं. उच्च न्यायालय, जिल्हा न्यायाधीश यांनी दलालांच्या याद्या करायच्या, यादीतला माणूस दलाली करताना सापडला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पाचशे रुपये! म्हणजे एका बॉण्डची किंमत. आमच्या कोर्टाच्या फलकावर अशी यादी मी अजून पाहिलेली नाही.

आणि या सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट वेगळीच आहे. त्या ताईंना वकील फुकट मिळत होता. विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्यात महिलेला उत्पन्नाची अट नाही. अनुसूचित जाती-जमाती, कामगार, अपंग, आपत्तीत सापडलेला माणूस यांनाही नाही. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वर्षाला तीन लाखांची मर्यादा आहे. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती आहे, १५१०० हा नंबर आहे. आमच्याच केंद्रांतून २०१७ पासून 'टेलि-लॉ' चालतं, पॅनेलवरच्या वकिलाशी फोनवर बोलून सल्ला मिळतो, पैसा लागत नाही. पण हे सांगायला रुग्णालयात कुणी उभं नसतं. सल्ल्यापर्यंत टेलि-लॉ चांगलं चालतं, पुढे "मग कोर्टात आमच्याकडून उभं कोण राहणार?" इथे फोन ठेवावा लागतो. चांगल्या वकिलाने स्वतःहून सांगायचं तर ती जाहिरात. वेबसाइटने सांगायचं तर ती बेकायदा. राहिला कोण? ज्याला कुठलाच नियम लागू नाही तो.

फीचंही तसंच. आमच्याकडे खताच्या पोत्यावर भाव छापलेला असतो, दवाखान्यात तपासणीचे दर लावलेले असतात. वाटणीच्या दाव्याला, जामिनाला, साध्या नोटिशीला किती लागतील हे पक्षकाराला आत गेल्याशिवाय कळत नाही, आणि आत गेल्यावर "आधी वकालतनाम्यावर सही करा, फीचं बघू" असं ऐकायला मिळतं. २००८ मध्ये आपण वकिलांना वेबसाइटची सूट दिली. नाव, पत्ता, फोन, सनद क्रमांक, शिक्षण, कामाचं क्षेत्र एवढंच लिहायचं; दर त्यात नाही. इंग्लंडात बरोबर उलटं आहे. डिसेंबर २०१८ पासून तिथल्या सॉलिसिटरांना घरखरेदी, वारसा अशा नेहमीच्या कामांचे दर आपल्या वेबसाइटवर लावावेच लागतात. दर लावणं तिथे सक्तीचं, इथे गैरवर्तन. पक्षकार मात्र दोन्हीकडे सारखाच गरजू.

लगेच कुणी म्हणेल, इंग्लंडचं कौतुक पुरे. मान्य. तिथलं दुसरं टोकही सांगतो, कारण सगळी दारं सताड उघडा असं माझं म्हणणं नाही. तिथे २००७ च्या कायद्याने वकील नसलेल्यांनाही वकिली कंपन्यांत मालकी घेता येऊ लागली, परवाने २०११ पासून सुरू झाले. 'जिंकलो तरच फी' हा धंदाही तिथे फोफावला. शेफील्डच्या एसएसबी नावाच्या फर्मने भिंतींत चुकीचं इन्सुलेशन भरल्यामुळे ओल आलेल्या घरमालकांचे दावे गठ्ठ्याने घेतले. तुम्हाला एक पैसा लागणार नाही, असं सांगून. जानेवारी २०२४ मध्ये फर्म बुडाली, दावे पडले, आणि समोरच्या पक्षाच्या खर्चाची बिलं शेकडो साध्या कुटुंबांच्या दारात आली. त्यांनी विचारलं असेल तेच आमच्या ताई विचारतील : पैसे लागणार नाहीत म्हणाले होते ना? तक्रारी येत असूनही नियामक वेळेवर हलला नाही, अशी टीका तिथे झाली. म्हणून परवाना देऊन मोकळं होणं हेही नियमन नव्हे.

एआयचं थोडक्यात सांगतो. मोबाइलवरून नऊशे नव्व्याण्णव रुपयांत नोटीस मागवलेला एक मुलगा ती छापायला माझ्याकडे आला. ट्रॅक्टरच्या व्यवहारात फसवणूक, व्यवहार २०२५ चा, आणि नोटिशीत भादंवि, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेचं, कलम ४२० ठोकलेलं. तिच्या जागी भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे, फसवणूक आता कलम ३१८ मध्ये आहे, हे माझ्यासारख्या झेरॉक्सवाल्याला माहीत झालंय. खाली वकिलाचं नाव नाही, सनद क्रमांक नाही, चूक कुणाच्या पदरात घालायची? अमेरिकेत 'जगातला पहिला रोबोट वकील' म्हणवणाऱ्या डूनॉटपे कंपनीवर २०२४ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने कारवाई केली, कंपनीला १ लाख ९३ हजार डॉलर मोजावे लागले. यंत्राचं काम खऱ्या वकिलाच्या तोडीचं आहे का हे तपासलंच नव्हतं, हा ठपका. त्यांनी यंत्रावर बंदी घातली नाही. जे बोललात ते सिद्ध करा म्हणाले. ही रीत मला पटते.

आता फसगत झाल्यावर जायचं कुठे, याकडे येतो. १४ मे २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वकिलाच्या सेवेबद्दल ग्राहक आयोगात जाता येणार नाही. २००७ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने जाता येईल असं म्हटलं होतं, ते संपलं. निकालाचं कारण मी वाचलं आहे, पक्षकाराचा वकिलावर थेट ताबा असतो, म्हणून ती वैयक्तिक सेवा. ताबा! ज्या ताईंनी वकील एकदाच पाहिला त्यांचा ताबा. असो, निकाल शिरसावंद्य. पण त्याचा परिणाम बघा : कंपनीमार्फत वकील घेतला आणि काम बिघडलं, तर वकील म्हणणार माझ्यावर ग्राहक कायदा चालत नाही, कंपनी म्हणणार आम्ही फक्त गाठ घालून देतो. बांधाच्या भांडणात दोन्ही शेजारी म्हणतात बांध माझा नाही, असं मी आजवर ऐकलं नव्हतं. ते इथे ऐकायला मिळतं.

उरली आपली शिस्तपालन समिती. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टच्या कलम ३५ खाली आपण वकिलाला समज देऊ शकता, सनद निलंबित करू शकता, नाव काढून टाकू शकता. तक्रार वर्षाच्या आत निकाली निघाली नाही तर ती दिल्लीला जाते. पण बाईचे गेलेले पैसे परत मिळवून देण्याची तरतूद त्यात नाही. गेवराईहून मुंबईला तक्रार करायची, तारखांना जायचं, आणि शेवटी काय, तर वकिलाला शिक्षा. तिला शिक्षा नको असते हो, पैसे हवे असतात. इंग्लंडात यासाठी लीगल ओम्बुड्समन आहे, तो फी परत करायला लावतो आणि पन्नास हजार पौंडांपर्यंत भरपाई देववू शकतो. एसएसबीसारख्या प्रकारानंतरही तिथल्या माणसाला निदान एक दार माहीत आहे.

म्हणून मागणी अशी. नव्या मॉडेलांना नोंदणी द्या, अटी घाला, पण त्या पक्षकाराच्या बाजूने लिहा. पहिली अट कागदाची : वकील असो, कंपनी असो की खर्च उचलणारा, सही घेण्यापूर्वी मराठीत एक पान द्यायचं. त्यावर फी किती, खर्च कोण करणार, हरलो तर काय, मधे सोडलं तर काय, आणि तुम्हाला विधी सेवा समितीचा वकील फुकट मिळू शकतो ही ओळ ठळक अक्षरात. पक्षकाराच्या पैशांचा हिशेब ठेवावा आणि मागितल्यावर त्याची नक्कल द्यावी, हे आपल्याच नियमांत आहे; ते या पानाच्या पाठीमागे छापा, कारण हा हक्क असतो हे आमच्याकडे कुणालाच ठाऊक नाही. खर्च पुरवणाऱ्याचं नाव कोर्टात दाखल झालंच पाहिजे, त्याच्या वाट्याला कमाल मर्यादा हवी, आणि सही केलेला कोरा चेक घेणं हाच गुन्हा ठरवा. वकिलाला नेहमीच्या कामांचे दर जाहीर करू द्या, फक्त दर आणि सनद क्रमांक, फोटो आणि बढाई नको. वकील आणि कंपनी दोघं मिळून काम करत असतील तर चुकीला दोघंही जबाबदार, आणि पैसे परत करायला लावणारी यंत्रणा निदान जिल्ह्याच्या ठिकाणी. मुंबईत नको.

तालुक्यातल्या वकिलांना यात धोका दिसतो, मला माहीत आहे. आमच्या केंद्रात टायपिंगला येणारे नवे वकील सांगतात की पुण्या-मुंबईच्या कंपन्या आल्या तर आमच्या नोटिशी आणि भाडेकरारसुद्धा जातील, आणि आधीच दोन वेळच्या तारखांत दिवस जातो. ही भीती खोटी नाही. पण त्यांचं आजचं मोठं नुकसान कंपनी करत नाही, एजंट करतो. ज्या नवख्या वकिलाकडे एजंट नाही त्याच्याकडे अपघाताचा दावाच येत नाही, आणि नियम पाळून तो आपली फी दारावर लावूही शकत नाही. तीस टक्के न मागता ठरावीक फीत दावा चालवायला तयार असलेला तो वकील पक्षकाराला दिसणार कसा? परदेशी फर्मना मार्च २०२३ मध्ये आणि मग मे २०२५ च्या दुरुस्तीने आपण अटी घालून दार उघडलं. मोठ्या कंपन्यांच्या मोठ्या कामांसाठी नवं मॉडेल चालतं, मग ऊसतोड कामगाराच्या दाव्यासाठी अटी घालून का चालू नये, याचं उत्तर मला सापडत नाही.

आमच्या धंद्यातल्या लोकांनाही यातून सोडू नका. काही सेवा केंद्रचालक एजंटांना नंबर पुरवतात, "केस" पाठवल्याबद्दल पाकीट घेतात. कोण किती घेतो हे बाजारात सगळ्यांना माहीत असतं. आम्हाला नोंदणीत आणा, पक्षकार वकिलाकडे पाठवल्याबद्दल पैसे घेतल्यास केंद्राचा आयडी बंद, असा नियम करा. माझी तयारी आहे. सगळ्यांची असेल असं म्हणत नाही.

अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टच्या दुरुस्तीचा मसुदा फेब्रुवारी २०२५ मध्ये आला, वकिलांनी निषेध केला, काम बंद ठेवलं, आणि मसुदा मागे गेला. सुधारून पुन्हा येणार असं सरकारने सांगितलं आहे. तो येईल तेव्हा आपलं मत सरकारकडे जाईलच. त्याआधी एक करा. आपल्या सूचना मराठीत काढा आणि प्रत्येक तालुका कोर्टाच्या फलकावर तीस दिवस लावा, हरकती हाताने लिहिलेल्या चालतील असं त्यावर छापा. गेवराईतल्या हरकती स्कॅन करून विनामूल्य पाठवायचं काम माझ्याकडे लागलं.

आपला,
एक सेवा केंद्रचालक
गेवराई, जि. बीड